आजीचा प्रवास व आजीचा विश्वास

शास्त्रपाठ : अनुवाद ६:४-९, रूथ १:१-२२ व ४:१३-१७, २ तीमथ्य १:१-७.

ह्या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो व्यासपीठावर क्वचितच येतो. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत रविवारी सकाळी सर्वांच्या आधी येऊन बसणारी माणसे कोण, असे विचारले तर कोणीही उपदेशक एकच उत्तर देईल : म्हाताऱ्या बाया. घंटा होण्यापूर्वी त्या येतात, पुढच्या सतरंजीवर बसतात, आणि पेटीचा सूर लागण्याच्या आत गीताचा पहिला चरण त्यांच्या तोंडी असतो. परंतु अलीकडे ह्या सतरंजीवर जागा रिकाम्या दिसू लागल्या आहेत. चौकशी करावी तर कळते की, अमुक आजी मुलाकडे पिंपरीस गेली आहे, तमुक आजी लेकीच्या बाळंतपणासाठी नाशकास गेली आहे, आणि तिसरी दोन्ही घरे करून पाडव्याच्या सुमारास परत यावयाची आहे.

पूर्वी नातवंडे उन्हाळ्याच्या सुटीत गावी येत आणि आजी अंगणात बसून त्यांची वाट पाही. आता अंगण जागच्या जागी राहते आणि आजी हिंडते. २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस. टी.चा प्रवास मोफत झाला व २०२३ साली सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट झाले, त्यामुळे हे जाणेयेणे आणखी सोपे झाले आहे. त्यात आम्हांस वाईट काहीच दिसत नाही. पण एक प्रश्न मनात येतो तो असा : ह्या हिंडण्याच्या महिन्यांत तिच्या विश्वासाचे काय होते? आणि ज्या घरी ती जाते त्या घरास तिच्यापासून काय मिळते? मुले सांभाळावयास एक बिनपगारी माणूस, इतकेच जर मिळत असेल, तर त्या घराने मोठा ठेवा दारात आलेला असून तो न उघडताच परत पाठविला, असे म्हणावे लागेल.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांस आज्ञा करितो की, देवाची वचने त्यांनी आपल्या मुलाबाळांच्या मनावर बिंबवावी. ती कधी बिंबवावी, हेही तो सांगतो. घरी बसले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना, अशा चार वेळा त्याने नेमल्या आहेत. ह्यांत मंदिराचे नाव नाही, याजकाचे नाही, सणावाराचेही नाही. आम्हां पाळकांस हे वचन थोडेसे झोंबण्यासारखे आहे, कारण मुलांचे धर्मशिक्षण म्हणजे शब्बाथशाळा, अशी आमची समजूत होऊन बसली आहे. परंतु मोशेने नेमलेल्या ह्या चार वेळांस आजकालच्या घरात मुलांजवळ कोण असते, ते पाहा. बाप कारखान्यात रात्रपाळीस गेलेला असतो. आई पहाटे डबा भरून कामाची बस गाठीत असते. मूल निजते तेव्हा आणि मूल उठते तेव्हा उशाशी असते ती आजी. शाळेच्या फाटकापर्यंत वाटेने चालते तीही आजीच. मोशेची आज्ञा पाळावयाची सर्वांत मोठी संधी आज कोणाच्या हाती आली आहे, हे ह्यावरून ध्यानात येईल.

आता दुसऱ्या पाठाकडे वळू. नव्या करारात 'आजी' हा शब्द एकदाच आला आहे, तो २ तीमथ्य १:५ ह्या ठिकाणी. मूळ ग्रीक शब्द 'मम्मे' असा आहे. तो बाळबोलीतून आलेला, तान्ह्या मुलाच्या ओठांतून सहज निघावा असा शब्द आहे. पौल त्या वेळी रोममध्ये कैदेत होता. आपला शेवट जवळ आला आहे, हे त्यास ठाऊक होते. अशा समयी तो तीमथ्यास पत्र लिहितो, निरोप घेताना तीमथ्याने गाळलेली आसवे त्यास आठवतात, आणि लगेच पुढच्याच वाक्यात तो त्याच्या आजीचे नाव घेतो : लोईस. मग आईचे नाव : युनीके. बापाचे नाव मात्र पत्रात कोठेच नाही.

पौलाने ह्या घराण्यातील विश्वासास जे विशेषण लाविले आहे त्याचा अर्थ 'सोंग नसलेला' असा होतो. नाटकातील नट मुखवटा चढवून बोलतो, त्यावरून तो शब्द निघाला आहे. ह्यावर आमचे म्हणणे असे की, मंडळीपुढे वर्षानुवर्षे सोंग वठविणारे लोक आहेत, परंतु एकाच अंथरुणावर निजणाऱ्या नातवापुढे ते आठ दिवसही टिकावयाचे नाही. आजी रागावली की काय बोलते, दुधात पाणी घालते की नाही, सुनेच्या माघारी शेजारणीशी काय कुजबुजते, हे सारे तो पाहतो. म्हणून लोईसच्या विश्वासाची साक्ष तीमथ्याच्या जीवनावरून मिळाली, ही गोष्ट आम्हांस फार वजनाची वाटते. तो विश्वास आधी लोईसच्या ठायी वस्तीला होता, अशा अर्थाचे शब्द पौलाने वापरले आहेत. पाहुणा येतो आणि जातो. वस्तीला राहणारा रोजच्या भाकरीत वाटेकरी असतो.

ती राहत होती ते गाव कसे होते, हे समजल्याशिवाय तिच्या कामाची थोरवी कळणार नाही. लुस्त्र हे गाव हल्लीच्या तुर्कस्तानात कोन्या शहराच्या दक्षिणेस होते. कोन्या म्हणजेच शास्त्रातील इकुन्या. १८८५ साली स्टेरेट नावाच्या अमेरिकन पंडितास तेथे एक कोरीव लेखाचा दगड आढळला व त्यावरील नावावरून जागा निश्चित झाली. रोमी लोकांनी आपल्या शिपायांची वसाहत केलेले हे गाव होते, परंतु सामान्य लोकांची बोली लुकवनी होती. पौल व बर्णबा ह्यांनी एका पांगळ्यास बरे केले तेव्हा हेच लोक त्यांस देव समजून बैल व फुलांच्या माळा घेऊन पूजेस आले, आणि थोड्याच वेळात दुसऱ्यांच्या चिथावणीवरून त्याच पौलास दगडमार करून मेला असे समजून गावाबाहेर ओढून टाकिले. ही हकीकत प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४ ह्यात आहे. इकुन्यात यहूदी सभास्थान होते व पौल तेथे गेला, असे त्याच अध्यायाच्या आरंभी म्हटले आहे. लुस्त्रात मात्र सभास्थानाचा उल्लेख नाही.

ह्या भागात यहूदी लोक आले तरी कसे, असे कोणी विचारील. इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षांच्या सुमारास अंत्युखस तिसरा ह्या राजाने बाबेलच्या बाजूची २,००० यहूदी कुटुंबे लुदिया व फ्रुगिया ह्या प्रांतांत नेऊन वसविली, असे योसीफस ह्या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. तेव्हा ह्या मुलखातील यहूदी हे परमुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेले लोक होते. स्वतःचे गाव दूर, भोवती दुसऱ्यांची दैवते, दुसऱ्यांची भाषा, आपले म्हणावे असे चार उंबरे! आमच्या पुष्कळ वाचकांस हे चित्र अनोळखी वाटणार नाही. गावात सतरा घरे आणि त्यांतली दोनच ख्रिस्ती, अशा ठिकाणी राहणाऱ्या भगिनीने लोईसकडे पाहावे.

पण एवढ्यानेही संपत नाही. लोईसच्या लेकीचा नवरा ग्रीक होता (प्रे. कृत्ये १६:१-३). तीमथ्य मोठा होईपर्यंत त्याची सुंता झाली नव्हती. पौलाने त्यास सोबत घेतले तेव्हा ती झाली, आणि त्याचा बाप ग्रीक होता हे त्या भागातील सर्वांस ठाऊक होते. ह्यावरून त्या घरात कोणाचा शब्द चालत असावा ते उघड दिसते. असे असूनही २ तीमथ्य ३:१५ ह्यात पौल म्हणतो की तीमथ्यास पवित्र शास्त्राची ओळख बालपणापासून आहे. येथे बालपणासाठी जो शब्द आहे तो 'ब्रेफॉस'. लूकाने गव्हाणीत ठेविलेल्या येशू बाळासाठी हाच शब्द वापरला आहे. म्हणजे मूल बोलू लागण्याच्याही आधी वचन त्याच्या कानी पडत होते. त्या काळी गुंडाळ्या हातांनी लिहीत, त्या महाग असत, आणि घरोघरी ग्रंथ नसत. मुले ऐकून शिकत. ज्या आजीस आज वाचता येत नाही तिने 'मी काय शिकवणार' असे म्हणू नये. लोईसच्या काळी बहुतेक सर्वांची शाळा कानांचीच होती.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ आज्या आपल्या घराण्यातील पहिल्या ख्रिस्ती आहेत. त्यांचा जावई, कधी सून, कधी मुलगाही विश्वासात नसतो. अशा घरी आजी राहावयास गेली असता तिने नातवास प्रार्थना शिकवावी की नाही? काही उत्साही बंधू म्हणतात, कोणास न सांगता शिकवावी. काही भित्रे बंधू म्हणतात, अशा घरी गप्पच बसावे. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत. चोरून शिकविलेली प्रार्थना मुलास पहिला धडा देते तो प्रार्थनेचा नव्हे, लपवाछपवीचा. आणि गप्प बसणारी आजी नातवास असे शिकविते की, आपला विश्वास लाज वाटण्याजोगा आहे. लोईसच्या घरचे काम बापाच्या नजरेआड चालले असावे असे मानावयास शास्त्रात काहीच आधार नाही. सुंता झाली नाही, म्हणजे बापाचा अधिकार मोडला नाही. आणि वचन ऐकविले, म्हणजे तोंडही शिवून घेतले नाही. ह्या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे, पण ती आहे.

आमच्या विभागातील एका आजीबाईंची वहिवाट सांगितली म्हणजे हे स्पष्ट होईल. त्या सत्तरीच्या पुढच्या, विधवा, अक्षरशत्रू. वर्षातून दोन वेळा निघतात. पिशवीत बाजरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले बायबल. वाचता येत नाही तर एवढे ओझे कशास, असे एकदा कंडक्टरने हसून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला येत नाही, पण माझ्या नातीला येतं." थोरल्या मुलाच्या घरी संध्याकाळी त्या नातीस म्हणतात, "बाळा, माझे डोळे हो." मुलगी इंग्रजी शाळेत जाते, मराठी अडखळत वाचते, आजी जोडाक्षर सावरून घेते. अक्षर न ओळखणारी बाई जोडाक्षर कसे सावरते? तो अध्याय तिला पाठ आहे! अशा रीतीने नात रोज एक अध्याय वाचून मोकळी होते, आणि आपण काही शिकत आहोत हे तिच्या गावीही नाही. तिला वाटते, आपण म्हातारीचे काम करीत आहोत. आजी गावी परतली तरी रात्री आठच्या सुमारास मोबाइल वाजतो. त्यांनी उत्पत्तीपासून आरंभ केला, आणि आमची शेवटची भेट झाली तेव्हा यहोशवा लागला होता.

धाकट्या लेकीचे घर निराळे आहे. जावई सरळ गृहस्थ आहेत, पण ख्रिस्ती नाहीत. पहिल्याच खेपेस आजीबाईंनी त्यांस समोर बसवून विचारले, "जावईबापू, मी रात्री निजताना प्रार्थना करते. पोरं मांडीवर असतात. तुम्ही नको म्हणाल तर मनात करीन." जावई थोडा वेळ थांबून म्हणाले, "करा की मामी. पण आमची आई येईल तेव्हा नको." आजीबाईंनी हे मान्य केले. जावयाची आई चार दिवस राहावयास आली, तेव्हा त्या चार रात्री त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली नाही, नातवाच्या पाठीवर हात ठेवून गप्प पडून राहिल्या. पाचव्या दिवशी नातवाने आपणच विचारले की आज म्हणावयाची ना. जावईबापू अजून त्या वेळी वर्तमानपत्र वाचीत बसतात. फक्त दूरचित्रवाणीचा आवाज कमी करितात. ह्या पलीकडे काही झाले आहे असे आम्ही सांगत नाही, कारण झालेले नाही. त्या चार रात्रींविषयी एका बंधूने आमच्यापाशी 'हे भ्यालेपण झाले' असा शेरा मारिला. आम्ही तसे समजत नाही. ज्याच्या घरचे अन्न खावे त्यास दिलेला शब्द पाळणे, हाही त्या मुलापुढे ठेविलेला एक पाठच होता. पौलाने त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात भित्रेपणाच्या आत्म्याविरुद्ध लिहिताना सामर्थ्याबरोबर प्रीती आणि संयम ह्यांचीही नावे घेतली आहेत.

आता नामीकडे येऊ. शास्त्रात जिच्या प्रवासाची हकीकत इतकी सविस्तर सांगितली आहे अशी दुसरी आजी नाही. बेथलेहेम ह्या नावाचा अर्थ 'भाकरीचे घर', आणि तेथेच दुष्काळ पडला. नवरा अलीमलेख व दोन पुत्र ह्यांसह ती मोवाबात गेली. दुष्काळामुळे बिऱ्हाड पाठीवर घेणे म्हणजे काय, हे आमच्या मुलखास शिकवावे लागत नाही. तेथे नवरा वारला, मुलांनी मोवाबी मुली केल्या, आणि सुमारे दहा वर्षांत तीही दोघे वारली. मायदेशी देवाने भाकर दिली आहे असे कानी आले, तेव्हा ती परत निघाली. मोवाबच्या पठारावरून मृत समुद्राच्या खोऱ्यात उतरावयाचे, म्हणजे समुद्रसपाटीच्याही सुमारे ४०० मीटर खाली, आणि मग बेथलेहेमपर्यंत चढावयाचे, जे सुमारे ७७५ मीटर उंचीवर आहे. म्हातारपणी, पायी, बरोबर एक विधवा सून! सातूची कापणी सुरू होत होती तेव्हा त्या गावात पोहोचल्या.

गावच्या बाया गोळा होऊन 'ही नामीच काय' असे विचारू लागल्या, तेव्हा ती काय बोलली? मला नामी म्हणजे 'मनोरम' म्हणू नका, मारा म्हणजे 'कडू' म्हणा. मी भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणिले. कित्येक उपदेशक ह्या ठिकाणी नामीस कुरकुर करणारी ठरवितात व रूथेस आदर्श म्हणून पुढे करितात. आम्हांस ते पटत नाही. नामी देवापासून दूर पळाली नाही. तिने आपले कडू मन देवाचे नाव घेऊनच उघडे केले, आणि तेही आपल्या गावात, आपल्या माणसांपुढे. देवाने तिची कानउघाडणी केल्याचे त्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. उलट, ज्या बायांपुढे ती रडली त्याच बाया शेवटच्या अध्यायात पुन्हा येतात, रूथेचे मूल तिच्या उराशी देतात, त्याचे नाव ओबेद ठेवितात, आणि म्हणतात की नामीस पुत्र झाला. रक्ताच्या नात्याने पाहिले तर ते मूल तिचे नव्हते. मोवाबी सून आणि बवाज ह्यांचे ते मूल. तरी तिने ते पोटाशी धरिले व त्याची दाई झाली. तो ओबेद इशायाचा बाप व दावीद राजाचा आजोबा झाला.

ज्या आज्यांनी नवरा पुरला, तरणा मुलगा पुरला, जमीन गमाविली, त्यांस 'नातवंडांपुढे नेहमी आनंदी राहा' असा उपदेश करण्याची आम्हांस हौस असते. तो उपदेश आता पुरे करावा. आजीने नातवास आपल्या दुष्काळाची गोष्ट सांगावी. आपण कधी रिकाम्या हातांनी परत आलो, त्या वेळी देवाला काय काय बोललो, आणि मग कोण भाकरी घेऊन दारात आले, हे सांगावे. मुले अशा गोष्टी विसरत नाहीत. गोडगोड गोष्टींपेक्षा ह्या गोष्टींवरच पुढे त्यांचा भरवसा उभा राहतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रवासात शिक्षण बंद पडते असे समजणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचे बालपण आठवावे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई लहानपणापासून आईबापांबरोबर तीर्थयात्रा करीत देशभर पायी फिरल्या. घर म्हणून नव्हतेच. ह्या वणवणीतच आई लक्ष्मीबाई डोंगरे ह्यांनी त्यांस संस्कृत शिकविले. १८७४ साली दुष्काळात आईबाप दोघेही गेले. पुढे १८८३ साली रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून पुरे झाले. जिच्या मुखातून त्या भाषा शिकल्या ती माउली हिंदू होती, आणि शिकविण्यास तिच्यापाशी ना शाळा होती ना स्थिर छप्पर. विश्वासणाऱ्या आजीने एस. टी.च्या बाकावर बसून 'येथे काय बोलावयाचे' असे म्हणावे काय?

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रीतसर शाळा न शिकलेल्या ह्या बाईंनी १९१९ साली पती रेव्हरंड टिळक निवर्तल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' स्वतः पुरे केले, आणि १९३४ पासून त्यांच्या 'स्मृतिचित्रां'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. त्या वेळी त्या पासष्टीच्या पुढे होत्या. १९३६ साली त्या वारल्या. पुढे त्यांच्या ह्या आठवणी नीट संपादून टिपांसह पुन्हा वाचकांपुढे आणण्याचे काम कोणी केले? त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी. आजीने मन मोकळे करून सांगितले आणि नातवाने ते जपले.

जपण्याची ही गोष्ट निघाली म्हणून आणखी एक वचन दाखवितो. १ तीमथ्य ५:४ ह्यात पौल म्हणतो की, विधवेस मुले किंवा नातवंडे असतील तर त्यांनी प्रथम आपल्या घरी भक्ती दाखवावयास शिकावे व वडील माणसांचे उपकार फेडावे. हे पत्र कोणास लिहिले आहे? लोईसच्या नातवास! घरात आजीस जागा आहे, पण खोलीच्या कोपऱ्यात. ताट आहे, पण सर्वांचे झाल्यावर. औषध आहे, पण मागितल्यावर. आणि मग त्याच घराने कौटुंबिक उपासनेत देवाची स्तुती करावी, हे पौलाच्या शिक्षणात बसत नाही. सुनांस आमची विनंती आहे की, सासूबाई आल्या असता त्यांच्या हाती लसूण सोलावयास द्या, मुले द्या, परंतु दिवसातील पाव तास असा द्या की ज्यात त्यांना कोणी हाक मारणार नाही आणि मुले त्यांच्याजवळ असतील. सासूबाईंसही विनंती आहे. हा पाव तास सुनेच्या स्वयंपाकाची चिकित्सा करण्यात घालवू नये. पुष्कळ घरांत ह्या एका कारणाने आजीची प्रार्थना सुनेस नकोशी झाली आहे, हे आम्ही जाणतो.

नातवंडांस आजीची मराठी कळत नाही, ही तक्रार अलीकडे फार ऐकू येते. ती खरी आहे, परंतु त्यावर उपाय आजीने इंग्रजी शिकणे हा नव्हे. लुस्त्रात बाजारात लुकवनी, बापाच्या तोंडी ग्रीक, आणि आजीच्या घराण्यात इब्री स्तोत्रांची परंपरा, अशा गलबल्यात तीमथ्य वाढला असावा, आणि त्याचे काही बिघडले नाही. 'उपासना संगीता'तील एक गीत आजीबरोबर वारंवार म्हटले की मुलास त्याचा अर्थ हळूहळू उमगतो. त्यासाठी शब्दकोश लागत नाही.

उपदेशक बंधूंनी ह्या बाबतीत दोन कामे मनावर घ्यावी. आजी गावाहून निघण्यापूर्वीच्या रविवारी मंडळीने तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. तरुण परगावी शिकावयास जातो तेव्हा आपण हे करितो, मग म्हातारी पाच महिने परक्या शहरात जाते तेव्हा का करू नये? आणि ज्या शहरात ती जात असेल तेथील मंडळीच्या पाळकास चार ओळींचे पत्र द्यावे, किंवा मोबाइलवर निरोप द्यावा. शहरातील मोठ्या देवळात नऊवारी नेसलेली म्हातारी मागच्या बाकावर येऊन बसते आणि कोणी विचारपूस न करिता परत जाते. दुसऱ्या रविवारी ती जात नाही. तिसऱ्या रविवारी मुलगाही जात नाही, कारण तो तिच्याच भीडेने जात होता. ही गळती आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिली आहे, आणि ती चार ओळींच्या पत्राने थांबण्यासारखी आहे.

शब्बाथशाळेत हा पाठ घेताना मोठ्या मुलांस विचारावे की, तुमच्या आजीने तुम्हांस सांगितलेली शास्त्रातील पहिली गोष्ट कोणती? ज्यास सांगता येणार नाही त्याने ह्या आठवड्यात आजीस जाऊन विचारावे, आणि ती गावी नसेल तर फोन करावा. स्त्रियांच्या सभेत रूथचा पहिला अध्याय वाचून, नामीच्या तोंडचे कडू शब्द देवास आवडले असतील काय, ह्यावर मोकळेपणे बोलू द्यावे व उपदेशकाने मध्येच उत्तर सांगू नये. घरच्या वाचनासाठी सोमवारी अनुवाद ६:४-९, मंगळवारी रूथ १, बुधवारी रूथ ४:१३-१७, गुरुवारी प्रे. कृत्ये १४:८-२०, शुक्रवारी प्रे. कृत्ये १६:१-५, शनिवारी २ तीमथ्य १:१-७, आणि रविवारी संध्याकाळी स्तोत्र ७१ घ्यावे. ते स्तोत्र घरातील सर्वांत वडील माणसाने म्हणावे. वाचता येत नसेल तर नातवाने एकेक ओळ पुढे सांगावी.